परसातील जुनी शेड बदलताना : आधी माती, मग छप्पर

भिलाईच्या पोलाद कारखान्यासाठी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी करार झाला. पुढे ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. करार झाला तेव्हा दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेशात होता, त्याची राजधानी नागपूर होती. त्यामुळे कारखान्याबरोबर वाढलेल्या वसाहतीत विदर्भातून आलेली मराठी कुटुंबेही स्थिरावली. सेक्टरमधील घरांच्या मागे थोडीफार मोकळी जागा असते. तेथे भाजीचे वाफे, पेरूचे किंवा लिंबाचे झाड आणि कोपऱ्यात अवजारे, सरपण, सायकल व जुने सामान ठेवण्यासाठी घरच्या घरी उभारलेली लाकडी शेड हे नेहमीचे दृश्य आहे.

अशा शेडचा एखादा खांब कलतो, छप्पर एका बाजूस झुकते आणि सुटीच्या दिवसांत ती बदलण्याचे घरात ठरते. बहुतेक वेळा जुने खांब जमिनीलगत कापले जातात, त्यांच्या शेजारी नवे खड्डे घेतले जातात, नवे लाकूड उभे राहते आणि वर नवे पत्रे चढतात. पुढील काही पावसाळ्यांत नवी शेडही जुन्याच कोपऱ्यात खचू लागते. याचे कारण लाकडाच्या प्रतीत क्वचितच असते. ते मातीत असते. शेड वरून जुनी होत असली, तरी ती खालून खाल्ली जाते. म्हणून शेड बदलण्याचे काम छपरापासून नव्हे, तर जमिनीपासून विचारात घ्यावे लागते.

लाकूड कोणी पोखरले?

जुनी शेड उतरवण्यापूर्वी नुकसान कोणत्या कारणाने झाले हे ओळखणे आवश्यक आहे. त्यासाठी एक स्क्रूड्रायव्हर, एक विजेरी आणि अर्ध्या तासाची सवड पुरते. प्रत्येक खांब जमिनीपासून गुडघ्याच्या उंचीपर्यंत ठोकून पाहावा. जेथे पोकळ आवाज येतो, तेथे टोक रुतवून आतील भाग उघडा करावा. त्यानंतर चार शक्यता तपासाव्यात.

पहिली शक्यता वाळवीची. लाकडावर किंवा भिंतीवर पेन्सिलीएवढ्या जाडीच्या मातीच्या नळ्या दिसतात. लाकडाचा मऊ भाग खाल्लेला असतो, कठीण थर पानांसारखे शिल्लक राहतात आणि मधल्या पोकळीत माती भरलेली आढळते. दुसरी शक्यता लाकूड किंवा बांबू पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांची. येथे माती नसते. टाचणीच्या डोक्याएवढी गोल छिद्रे आणि त्यांखाली पिठासारखी बारीक भुकटी ही खूण होय. तिसरी शक्यता बुरशीजन्य कुजीची. लाकूड ओलसर, काळपट किंवा तपकिरी होते, त्याचे चौकोनी तुकडे पडतात आणि कीटक दिसत नाहीत.

चौथी खूण छत्तीसगढमध्ये विशेष गोंधळात टाकते. सालाच्या जुन्या खांबांत कधी कधी बोट जाईल एवढी मोठी छिद्रे असतात. ही सालवृक्षाच्या गाभ्यात शिरणाऱ्या हॉप्लोसेरॅम्बिक्स स्पायनिकॉर्निस या लांब मिशांच्या भुंगेऱ्याची करणी असते. तत्कालीन मध्य प्रदेशातील मंडला-डिंडोरी भागाच्या सालवनांत १९९७-९८ च्या सुमारास याच किडीचा मोठा उद्रेक झाला होता. ही कीड उभ्या, दुर्बळ झालेल्या किंवा नुकत्याच तोडलेल्या झाडावर अंडी घालते. वाळलेल्या इमारती लाकडात ती पुन्हा वाढत नाही. त्यामुळे अशा छिद्रांत कीटकनाशक भरण्यात काहीच अर्थ नसतो. खांब अन्यथा भरीव असेल, तर तो वापरता येतो.

थोडक्यात, माती दिसली तर वाळवी आणि पीठ दिसले तर भुंगेरा. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण दोन्हींवरील उपाय वेगळे आहेत. वाळवीने खाल्लेले लाकूड काढून कडक उन्हात पसरले की त्यातील वाळवी सुकून मरते. तिची वसाहत मात्र जमिनीत सुरक्षित राहते. भुंगेऱ्याच्या अळ्यांचे याउलट आहे. त्या कोरड्या लाकडाच्या आतच वाढतात आणि लाकडाबरोबर नव्या शेडमध्ये येतात. वाळवी जागेबरोबर राहते, तर भुंगेरा लाकडाबरोबर प्रवास करतो.

वाळवी कशी येते?

भारतात वाळवीच्या सुमारे ३०० प्रजाती आढळतात. त्यांपैकी मोजक्याच घरांना व पिकांना त्रास देतात. मध्य भारतात ओडोन्टोटर्मिस आणि मायक्रोटर्मिस या गटांतील प्रजाती विशेष परिचित आहेत. ओडोन्टोटर्मिस ओबेससची उंच वारुळे छत्तीसगढच्या शेतांच्या बांधांवर सर्वत्र दिसतात. छत्तीसगढीत वारुळाला ‘भिंभोरा’ म्हणतात. या गटांतील वाळवी वारुळात टर्मिटोमायसिस नावाची बुरशी जोपासते. कामकरी वाळवी लाकूड, पाचोळा व वाळलेले गवत खाऊन आणते, तिच्या विष्ठेपासून स्पंजासारखा साचा तयार होतो आणि त्यावर वाढलेली बुरशी वसाहतीच्या उपयोगी पडते. पावसाळ्यात वारुळाजवळ उगवणाऱ्या आणि बाजारात चढ्या भावाने विकल्या जाणाऱ्या अळिंब्या याच बुरशीच्या होत.

कामकरी वाळवीची त्वचा अतिशय पातळ असते. उघड्यावर ती लवकर सुकते आणि मुंग्यांची शिकार होते. म्हणून ती मातीच्या नळीच्या आडूनच अन्नापर्यंत पोहोचते. लाकडी खांब मातीत पुरलेला असेल, तर तिला नळी बांधण्याचीही गरज पडत नाही; खांबाच्या पोटातून ती थेट छपरापर्यंत जाते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. वसाहत शेडच्या खालीच असेल असेही नाही. ती कुंपणापलीकडे, कित्येक मीटर दूर असू शकते. म्हणूनच राणी शोधून मारण्याचा प्रयत्न परसात सहसा निष्फळ ठरतो. रॉकेल, मीठ किंवा वापरलेले इंजिन ऑइल ओतल्याने वर दिसणारे थोडे कामकरी मरतात, वसाहतीला धक्का लागत नाही आणि वाफ्याची माती मात्र दूषित होते.

यावरून शेडच्या बांधणीचे एकच सूत्र निघते: लाकूड, पुठ्ठा, गोणपाट किंवा सरपण यांपैकी काहीही मातीला टेकता कामा नये आणि वाळवीने वर येण्याचा प्रयत्न केल्यास तिची नळी माणसाच्या नजरेस पडली पाहिजे.

उतरवण्यापूर्वीची दक्षता

या कामासाठी जानेवारी ते मार्च हा काळ उत्तम. माती कोरडी असते, पाया व फरशी यांना पाणी मारण्यास वेळ मिळतो आणि जूनच्या मध्यास पाऊस सुरू होण्यापूर्वी छप्पर पूर्ण होते. घर संस्थेच्या मालकीचे किंवा भाडेपट्ट्यावरील असल्यास बांधकामाची लेखी परवानगी आधी घ्यावी.

शेड दिवसाउजेडी, जाड हातमोजे व बूट घालून रिकामी करावी. विटांचे व लाकडाचे ढीग हाताने नव्हे, तर लांब काठीने हलवावेत. मण्यार, नाग आणि विंचू अशा जागी आश्रय घेतात.

छपरावर जुने पन्हळी सिमेंट पत्रे असतील, तर त्यांत ॲस्बेस्टॉस आहे असे समजूनच काम करावे. अखंड पत्र्यापेक्षा तुटलेला, घासलेला किंवा छिद्र पाडलेला पत्रा अधिक धोकादायक असतो, कारण त्यातून सूक्ष्म तंतू हवेत मिसळून फुप्फुसांत जातात. पत्रे पाण्याने भिजवावेत, हातोडीने न फोडता नटबोल्ट सोडवून अखंड उतरवावेत, एन-९५ दर्जाची मुखपट्टी वापरावी आणि पडलेला चुरा कोरडा न झाडता ओल्या फडक्याने गोळा करावा. मुलांना दूर ठेवावे. पत्र्यांचे तुकडे भराव म्हणून परसात पुरू नयेत. विल्हेवाटीबाबत नगर निगमाकडे विचारणा करावी.

जुन्या फळीवर गंजलेले डबे आणि कागदी पुड्यांत पांढरी पावडर सापडणे नवलाचे नाही. बी.एच.सी. पावडरचा वापर भारतात १९९७ पासून बंद आहे, तर लिंडेनचा वापर २०१३ पासून. वाळवीसाठी पूर्वी सर्रास वापरले जाणारे आल्ड्रिनही बंदी घातलेल्या कीटकनाशकांत मोडते. ‘जुने औषध जोरदार असते’ या समजुतीने अशी पावडर नव्या पायात टाकणे गंभीर चूक ठरते. ही द्रव्ये मातीत वर्षानुवर्षे टिकतात आणि शेजारच्या वाफ्यातील भाजीपर्यंत पोहोचतात. नाव नसलेले डबे उघडू नयेत, जाळू नयेत, गटारात रिकामे करू नयेत. ते घट्ट बंद करून कुलपात ठेवावेत आणि घातक कचरा स्वीकारणाऱ्या यंत्रणेकडे द्यावेत.

उतरवणे हीच तपासणी

शेड उतरवताना कागदावर तिचा साधा आराखडा काढावा आणि प्रत्येक खांबापुढे ‘माती’, ‘पीठ’, ‘कूज’ किंवा ‘भरीव’ अशी नोंद करावी. बहुतेक वेळा नुकसान एका-दोन कोपऱ्यांत एकवटलेले दिसते. त्या कोपऱ्यात काय आहे हे पाहावे. गळका नळ, बाथरूमचे सांडपाणी, भिंतीला टेकवलेले सरपण किंवा झाडाचा मेलेला बुंधा यांपैकी काहीतरी तेथे हमखास आढळते. हे कारण दूर न करता तेथेच नवा खांब उभा करणे म्हणजे वाळवीला नवे ताट वाढणे होय.

यानंतरचे काम कष्टाचे आहे आणि नेमके तेच टाळले जाते. जमिनीलगत कापलेल्या खांबांचे मातीतील बुंधे पूर्णपणे खणून काढावेत. त्याबरोबर जुन्या खुंट्या, मुळे, फळ्यांचे तुकडे, पुठ्ठे व कागदी पोतीही वेचावीत. मातीत राहिलेला एक बुंधा वाळवीला दीर्घकाळ अन्न पुरवतो आणि नव्या फरशीच्या खाली तिचा वावर चालू ठेवतो. नव्या कामात वापरलेल्या खुंट्या, साच्याच्या फळ्या आणि सिमेंटच्या कागदी पिशव्याही भरावात पुरल्या जाणार नाहीत, याकडे गवंडी निघून जाण्यापूर्वी स्वतः लक्ष द्यावे.

काढलेले लाकूड तीन भागांत वेगळे करावे. भरीव लाकूड उन्हात वाळवून विटांवर रचावे. वाळवीने खाल्लेले लाकूड वाळल्यावर सरपणास चालते. ज्यातून पीठ पडते ते लाकूड व बांबू मात्र घरात किंवा नव्या शेडमध्ये नेऊ नयेत. ते लवकर जाळून संपवावेत. रंग, डांबर किंवा लाकूडरक्षक रसायन लावलेले लाकूड चुलीत जाळू नये, कारण त्याचा धूर विषारी असतो.

पाया : माती ओळखून

छत्तीसगढचा शेतकरी आपली जमीन भाटा, मटासी, डोरसा आणि कन्हार अशा चार नावांनी ओळखतो. शेडचा पाया घेतानाही हे ज्ञान उपयोगी पडते. भाटा ही मुरमाड, निचऱ्याची जमीन असल्याने तिच्यावर फरशी स्थिर राहते. कन्हार ही काळी, चिकण माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्याबरोबर फरशीही तडकते. वाळवीला आत येण्यास एखादी बारीक फट पुरेशी असते. म्हणून काळी माती असल्यास सुमारे ३० सेंमी थर काढून तेथे मुरूम भरावा आणि पाणी मारून थराथराने धुमसावा.

जोते आजूबाजूच्या जमिनीपेक्षा किमान ३० सेंमी उंच ठेवावे. भिलाईलगतच्या जामुल येथे पोलाद कारखान्याच्या धातुमळीपासून स्लॅग सिमेंट तयार होते. अशा सिमेंटची ताकद सुरुवातीला सावकाश वाढते, म्हणून फरशीला किमान १० ते १४ दिवस सतत पाणी मारावे. कोरडी पडून तडकलेली फरशी वाळवी रोखू शकत नाही. कुंपणाची भिंत आणि शेड यांत ६० सेंमी अंतर सोडावे. जेथे माणूस वाकून पाहू शकत नाही, तेथे वाळवीची नळी बिनबोभाट वर चढते.

पूर्वी वाळवीचा उपद्रव असलेल्या जागी पायाच्या मातीवर प्रक्रिया करणे योग्य ठरते. भारतीय मानक आयएस ६३१३ च्या भाग २ मध्ये याची पद्धत दिली आहे. उदाहरणार्थ, ३ मीटर लांब व २.४ मीटर रुंद शेडचे क्षेत्रफळ ७.२ चौ. मीटर होते. जोत्याच्या भरावावर दर चौ. मीटरला ५ लिटर तयार द्रावण या प्रमाणात ३६ लिटर द्रावण लागते. इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के एस.सी. हे वाळवीसाठीचे उत्पादन लिटरला २.१ मिली या प्रमाणात वापरल्यास ३६ लिटरसाठी सुमारे ७६ मिली पुरते. पायाच्या उभ्या बाजूंलगतच्या मातीसाठी दर चौ. मीटरला ७.५ लिटर द्रावण लागते. ही मात्रा केवळ द्रावणाचा हिशेब समजण्यासाठी दिली आहे. प्रत्यक्षात डब्यावरील लेबलच प्रमाण मानावे. शेतीसाठी मिळणारे इमिडाक्लोप्रिड १७.८ टक्के एस.एल. हे वेगळे उत्पादन असून त्याला हीच मात्रा लावू नये.

हे काम परवानाधारक कीडनियंत्रण व्यावसायिकाकडून करून घेणे अधिक सुरक्षित असते. विहीर, बोअरवेल व भाजीच्या वाफ्यालगत प्रक्रिया करू नये. पाऊस अपेक्षित असताना किंवा माती चिखलमय असताना ती टाळावी. द्रावण मुरल्यानंतर तो थर पुन्हा खणू नये. एका पाइपसाठी मारलेली कुदळही संरक्षणात खिंडार पाडते.

सांगाडा आणि छप्पर

पोलादाच्या गावात लोखंडी चौकोनी नळ्यांचा सांगाडा सहज जुळवता येतो. गंजरोधक रंगाचे दोन हात दिल्यास तो दीर्घकाळ टिकतो. तथापि लोखंडामुळे वाळवी थांबते हा समज चुकीचा आहे. ती लोखंड खात नाही. पण त्याच्यावरून नळी बांधून वरच्या फळीपर्यंत पोहोचते. फरक एवढाच की ती नळी बाहेरून स्पष्ट दिसते. लोखंडी सांगाड्याचा खरा लाभ तोच आहे.

लाकूड वापरायचे असल्यास साग किंवा साल यांचा गाभा निवडावा. सागाच्या कडेचा फिकट भागही वाळवी व भुंगेरे खातात; टिकाऊपणा गाभ्यात असतो, झाडाच्या नावात नव्हे. प्रत्येक लाकडी खांबाचा पाय काँक्रीटच्या ठोकळ्यात बसवलेल्या लोखंडी पट्ट्यांमध्ये बोल्टने धरावा आणि फरशीपासून १० ते १५ सेंमी वर ठेवावा. बांबू पावसाळ्यानंतर, हिवाळ्यात तोडलेला व परिपक्व असावा. कोवळ्या बांबूत पिष्टमय द्रव्य जास्त असल्याने डायनोडेरस जातीचे भुंगेरे त्याकडे आकृष्ट होतात. बोरॅक्स व बोरिक ॲसिडची प्रक्रिया बांबूस उपयुक्त ठरते. परंतु ही द्रव्ये पाण्यात धुऊन जात असल्याने असा बांबू छपराखालीच वापरावा.

छपराचा उतार एका दिशेने द्यावा आणि पाणी जोत्यापासून दूर सोडावे. पन्हळाला पुरेसा उतार नसेल, तर त्यात साचणारे पाणी डासांना पुरेसे होते. भिलाई-दुर्ग परिसराने २०१८ च्या पावसाळ्यात डेंग्यूची गंभीर साथ अनुभवली आहे. एडिस इजिप्ती हा डास जुने टायर, फुटके माठ, रंगाचे डबे यांत पाण्याच्या पातळीच्या किंचित वर अंडी चिकटवतो. ही अंडी कोरड्या अवस्थेत कित्येक महिने जिवंत राहतात. म्हणून जुन्या शेडमधील टायर व डबे नव्या शेडच्या मागे नेऊन ठेवणे योग्य नव्हे. ती अडगळ घरातून कायमची बाहेर गेली पाहिजे. पाण्याचे पिंप केवळ रिकामे न करता आतून घासून धुवावे.

शेड उभी राहिल्यानंतर

फळ्या भिंतीपासून चार बोटे दूर बसवाव्यात. सरपण व गोणपाट लोखंडी मांडणीवर ठेवावे. कीटकनाशके, खते आणि खाद्यधान्य कधीही एकत्र ठेवू नये.

पहिला चांगला पाऊस पडल्यानंतरच्या संध्याकाळी वाळवीचे पंखधारी नर-मादी दिव्याभोवती जमतात. हा दरवर्षीचा इशारा समजावा. त्या आठवड्यात आणि त्यानंतर दर तीन महिन्यांनी जोत्याच्या चारही बाजू विजेरी घेऊन पाहाव्यात. एखादी नळी दिसल्यास ती थोडी मोडून दोन दिवसांनी पुन्हा पाहावी. ती दुरुस्त झालेली असेल, तर वाळवीचा वावर चालू आहे. अशा वेळी नळी कोठून सुरू होते ते शोधावे. तेथे ओल, फट किंवा मातीला टेकलेली वस्तू आढळते. आधी ते कारण दूर करावे आणि मगच औषधाचा विचार करावा.

परसातून वाळवी नाहीशी करणे हे या खटाटोपाचे उद्दिष्ट नाही. पाचोळा कुजवणे आणि माती भुसभुशीत ठेवणे ही तिची कामे झाडांखाली चालू राहावीत. पेरूखालचा पाचोळा तिचा आहे, शेडचा खांब नाही. ही सीमा जोत्याच्या त्या उंचीने आखली जाते. जुन्या शेडच्या आराखड्यावर लिहिलेल्या ‘माती’, ‘पीठ’ व ‘कूज’ या नोंदींचा कागद नव्या शेडच्या दारामागे लावून ठेवावा. पुढच्या पावसाळ्यात कोणत्या कोपऱ्यापासून पाहणी सुरू करायची, हे तो सांगेल.